तीरकामठ्यापासून कंपाउंड धनुष्यापर्यंत

डोंबिवलीत अकरावीत शिकणाऱ्या माझ्या भाच्याला त्याच्या काकांनी अमेरिकेहून एक धनुष्य आणून दिले. लांबट काळ्या पेटीवर हरणाचे चित्र होते आणि धनुष्याच्या दांड्यावर पानाफांद्यांची नक्षी होती, कारण ते शिकारीसाठी बनवलेले होते. पेटी उघडल्यावर सगळे घर गोळा झाले. रामायणाच्या चित्रांतून जे धनुष्य आपल्या डोळ्यांसमोर असते त्याच्याशी या वस्तूचे काही नाते आहे, असे प्रथमदर्शनी वाटेना. मध्ये धातूचा कोरलेला दांडा, त्याच्या दोन्ही टोकांना आखूड, ताठ अशी दोन पाती आणि प्रत्येक पात्याच्या टोकाला एक चाक! बरे, ते चाकही धड गोल नाही. एका दोरीऐवजी तीन दोऱ्या एकमेकींना ओलांडून गेलेल्या. भाचा म्हणाला, "मावशी, तू पदार्थविज्ञानवाली ना? मग हे लावून दे."

"लावून देणे" म्हणजे काय, हे त्या वेळी मलाही ठाऊक नव्हते. जुन्या धनुष्याला दोरी चढवली की ते तयार होते. हे धनुष्य मात्र सायकलीच्या गिअरसारखे जुळवावे लागते. माहितीपत्रक वाचत, चुकत आणि दुरुस्त करत आमचे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी आम्ही मुरबाडच्या बाजूला एका परिचितांच्या शेतावर गेलो. मागे मातीचा उंच बांध, त्यापुढे गवताच्या पेंढ्या आणि बाणांना बोथट टोके, अशी तयारी होती. जवळच्या कातकरी वाडीतले एक वृद्ध गृहस्थ गुराखी पोरांबरोबर पाहायला येऊन उभे राहिले. पोरांचे डोळे चाकांवर खिळले होते. आजोबांनी मात्र धनुष्याकडे एकदा पाहिले आणि सरळ बाण उचलला. दोन्ही टोके बोटांत धरून अंगठ्याने मध्ये दाबला, फिरवला, पुन्हा दाबला, आणि मग विचारले, "सगळे असेच सारखे आहेत का?"

अनुभवी तिरंदाजाने विचारावा असाच हा प्रश्न होता. तो इतका नेमका का आहे, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

ठाणे जिल्ह्याला धनुष्य नवे नाही. बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळ पाहिले, तर घोडेस्वार, हत्ती आणि वल्ह्यांच्या युद्धनौकांबरोबर धनुर्धारीही कोरलेले दिसतात. (हा भाग १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता.) उत्तर कोकणचे शिलाहार आणि देवगिरीचे यादव यांच्या संघर्षाशी अनेक अभ्यासक या वीरगळांचा संबंध जोडतात. पण सैन्यातले धनुष्य आणि रानातले धनुष्य हे दोन वेगळे प्रवाह आहेत. तोफा-बंदुका आल्या तसे सैन्यातले धनुष्य मागे पडले. रानातला तीरकामठा मात्र विसाव्या शतकापर्यंत टिकला. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये वारली, कातकरी, ठाकूर आणि कोळी यांची सविस्तर वर्णने आहेत. वारली चित्रांत तर हातात धनुष्य घेतलेला माणूस इतका सवयीचा आहे, की आपले तिकडे लक्षही जात नाही.

रानातले धनुष्य बांबूचेच का, याचे उत्तर पदार्थविज्ञानात आणि आपल्या हवेत आहे. धनुष्य वाकवले की त्याची बाहेरची बाजू ताणली जाते आणि तिरंदाजाकडची बाजू दाबली जाते. राजेरजवाड्यांच्या जोड-धनुष्यांत या दोन कामांसाठी दोन वेगवेगळे पदार्थ असत. दाब सोसायला आतून शिंग, ताण सोसायला बाहेरून जनावरांच्या स्नायूंचे तंतू, मध्ये लाकूड, आणि हे सारे प्राणिज सरसाने चिकटवलेले. रचना फार सुंदर, पण सरस ओल धरतो. जून ते सप्टेंबर अशा जोड-धनुष्याचे कोकणात काय होईल, ते सांगायला नको. सतराव्या-अठराव्या शतकांत हिंदुस्थानात पोलादाची धनुष्येही होत. ती शस्त्रागारात वर्षानुवर्षे टांगून ठेवली तरी बिघडत नसत, हा त्यांचा मोठा गुण. रानात राहणाऱ्याला यांतले काहीच परवडणारे नव्हते आणि त्याची गरजही नव्हती. बांबूच्या भिंतीत तंतू सालीच्या बाजूला दाट आणि गाभ्याच्या बाजूला विरळ असतात, म्हणजे निसर्गाने जोडकाम आधीच करून ठेवले आहे. खानदेशातले भिल्ल तर दोरीसुद्धा बांबूच्या सालीच्या पट्टीची करत. आमच्या आजोबांनी सांगितले की त्यांच्या वडिलांचा कामठा चुलीच्या वर, धुरात टांगलेला असे. ओल धरलेला बांबू नरम पडतो आणि धनुष्याचा जोर उतरतो. धुरात तो कोरडा राहतो, शिवाय कीडही लागत नाही.

आता ताणाकडे वळू. ताण आणि लांबी यांचे नाते रॉबर्ट हुकने १६७६ साली अक्षरांच्या कोड्यात दडवून जाहीर केले आणि १६७८ साली उलगडून सांगितले. जितका ताण, तितकी वाढ. हा नियम आपण वर्गात स्प्रिंग टांगून शिकवतो. माझी सूचना अशी, की एकदा स्प्रिंगऐवजी बांबूच्या पट्टीचे धनुष्य घ्या. ते खुंटीला आडवे टांगा, दोरीच्या मध्यावर ताणकाटा अडकवा आणि दर पाच सेंटिमीटरला जोर वाचून आलेख काढा. रेषा बरीचशी सरळ येते, शेवटी किंचित चढते. आता आलेखाच्या खालचे चौकोन मोजा. ते क्षेत्रफळ म्हणजेच धनुष्यात साठलेली ऊर्जा. "बल गुणिले विस्थापन" हे सूत्र बल बदलत असताना कसे वापरायचे, हा मुलांना नेहमी अडणारा प्रश्न इथे चौकोन मोजून सुटतो. एक काळजी मात्र घ्या. बाण न लावता दोरी कधीही मोकळी सोडू नका, सावकाश हातानेच परत आणा. कारण पुढे येईलच.

समजा, एका साध्या धनुष्याचा जोर पूर्ण ओढीला २० किलोग्रॅम आहे, म्हणजे सुमारे १९६ न्यूटन, आणि दोरी ५६ सेंटिमीटर मागे येते. आलेख त्रिकोणी धरला तर ऊर्जा १९६ × ०.५६ च्या निम्मी, म्हणजे सुमारे ५५ ज्यूल. ही सगळी बाणाला मिळत नाही. पाती आणि दोरी यांनाही पुढे धावायचे असते, त्यांचाही वाटा जातो. पॉल क्लोपस्टेग या अमेरिकी पदार्थवैज्ञानिकाने याचा हिशेब फार सोपा केला. प्रत्येक धनुष्याला एक 'आभासी वस्तुमान' आहे असे माना. बाणाच्या वस्तुमानात ते मिळवा आणि जणू तेवढे ओझे बाणाच्या वेगाने धावते असे समजून गतिज ऊर्जेचे नेहमीचे सूत्र वापरा. बाण २५ ग्रॅमचा आणि आभासी वस्तुमान १३ ग्रॅम असेल, तर ऊर्जेचे ३८ पैकी २५ भाग बाणाला आणि १३ भाग धनुष्याला. वेग येतो सेकंदाला सुमारे ५४ मीटर. यावरून दोन गोष्टी लगेच कळतात. बाण जड असेल तर वेग कमी, पण ऊर्जेतला त्याचा वाटा मोठा. आणि बाणच नसेल तर सगळी ऊर्जा पात्यांच्या वाट्याला जाते. रिकामी दोरी सोडली की धनुष्य मोडते, ते यामुळे.

क्लोपस्टेगच्या आधी या विषयात काम केले ते क्लॅरन्स हिकमनने. हा माणूस १९१८ साली रॉबर्ट गोडार्डच्या हाताखाली अग्निबाणांवर काम करत होता, पुढे बेल प्रयोगशाळेत ध्वनिमुद्रणावर संशोधन करू लागला, आणि फावल्या वेळात धनुष्यबाण! १९३०च्या दशकात त्याने अतिवेगवान छायाचित्रणाने सुटत्या बाणाची चित्रे घेतली आणि तिरंदाजांचे एक जुने कोडे सोडवले.

कोडे असे होते. साध्या धनुष्यात बाण दांड्याच्या एका कडेला टेकलेला असतो. दोरी मात्र दांड्याच्या मध्याकडे धावते. मग बाण कडेला फेकला जायला हवा. प्रत्यक्षात तो नेमाप्रमाणे सरळ जातो. हिकमनच्या चित्रांत दिसले की सुटलेला बाण सरळ राहतच नाही. मासोळीसारखा डावीउजवीकडे वाकत तो दांड्याला वळसा घालून जातो. या वाकण्याचा ताल धनुष्याच्या जोराशी जुळला पाहिजे. बाण जास्त ताठ असेल तर एका बाजूला जाईल, जास्त लवचीक असेल तर दुसऱ्या बाजूला. आणि भात्यातले बाण एकमेकांपेक्षा वेगळे असतील, तर अर्जुनाचाही नेम चुकेल. "सगळे असेच सारखे आहेत का?" हा आजोबांचा प्रश्न आता पुन्हा वाचा.

आज बाणाचा ताठपणा मोजायची ठरलेली पद्धत आहे. सुमारे ७१ सेंटिमीटर अंतरावरच्या दोन टेकूंवर बाण आडवा ठेवतात, मध्यावर ८८० ग्रॅम वजन टांगतात आणि बाण किती खाली झुकला ते मोजतात. झुकाव इंचाच्या हजाराव्या भागांत सांगायची रीत असल्यामुळे बाणावर ५०० असा आकडा छापलेला असेल, तर तो अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर झुकतो. आकडा लहान तेवढा बाण ताठ.

आता एका विलक्षण माणसाची गोष्ट, कारण तिच्याशिवाय त्या काळ्या पेटीवर हरणाचे चित्र का होते ते कळणार नाही. १९११ साली कॅलिफोर्नियात ओरोव्हिल गावाजवळ एक एकटा, उपाशी आदिवासी सापडला. याही जमातीचा तो शेवटचा माणूस. बाकीचे वसाहतवाल्यांच्या कत्तलींत आणि उपासमारीत संपले होते. त्याला 'इशी' म्हणू लागले. त्या भाषेत याचा अर्थ फक्त 'माणूस'. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ-संग्रहालयात त्याने अखेरची वर्षे काढली आणि १९१६ साली क्षयाने तो गेला. तिथल्या रुग्णालयातले डॉक्टर सॅक्स्टन पोप त्याचे स्नेही बनले. धनुष्य कसे घडवायचे, बाण कसा निवडायचा, सावजाजवळ कसे जायचे, हे पोप त्याच्याकडून शिकले. १९२३ साली पोप यांनी जगभरच्या धनुष्यांवरील आपले प्रयोग आणि धनुष्यबाणाने शिकार करण्यावरचे पुस्तक अशी दोन्ही लेखने प्रसिद्ध केली. त्यातून गोऱ्या अमेरिकेत धनुष्याच्या शिकारीचा छंद पसरला. १९३४ साली विस्कॉन्सिन राज्याने केवळ धनुष्यबाणासाठी हरणाच्या शिकारीचा खास हंगाम ठरवून दिला, इतर राज्यांनी त्याचे अनुकरण केले. म्हणजे आज अब्जावधी डॉलरच्या झालेल्या या धंद्याच्या मुळाशी ज्याची सगळी जमात मारली गेली असा एक आदिवासी आहे. माहितीपत्रकात त्याचे नाव कुठेच नव्हते.

शिकाऱ्याची अडचण साधी असते. पूर्ण ओढलेल्या धनुष्याचा जोर सर्वांत जास्त, आणि नेमका तेव्हाच त्याला स्थिर राहून वाट पाहायची असते. हरीण झाडाआडून बाहेर येईपर्यंत २५ किलोग्रॅमची ओढ धरून ठेवताना हात थरथरू लागतात. मिसुरी राज्यातल्या हॉलिस विल्बर ॲलन या गृहस्थाने यावर तोड काढली. धनुष्याच्या टोकांना चाके लावायची आणि चाकाचा आस मध्यातून न नेता बाजूला न्यायचा. त्याने १९६६ साली पेटंटसाठी अर्ज केला, १९६९च्या अखेरीस ते मिळाले, आणि टॉम जेनिंग्ज या धनुष्य बनवणाऱ्याने त्याचे धनुष्य बाजारात आणायला मोठी मदत केली.

उत्केंद्री चाकाची किमया तरफेच्या नियमात आहे. चाकावर दोरी एका बाजूने ओढते आणि पात्यांना वाकवणारी केबल दुसऱ्या बाजूने. आसापासून दोघींची अंतरे म्हणजे तरफेचे दोन भुज. चाक फिरते तसे हे भुज बदलत जातात. सुरुवातीला दोरीचा भुज लहान असतो, म्हणून जोर झपाट्याने वाढतो. मग बराच वेळ तो वरच्या पातळीवर राहतो. शेवटी दोरीचा भुज मोठा होतो, आणि पाती सर्वांत जास्त वाकलेली असताना बोटांवरचा जोर एकदम कोसळतो. आजच्या धनुष्यात ही सूट ६५ ते ८० टक्के, क्वचित त्याहून जास्त असते. २७ किलोग्रॅमचे धनुष्य पूर्ण ओढीला धरून ठेवायला जेमतेम साडेपाच किलोग्रॅम जोर पुरतो. भाच्याने पहिल्यांदा दोरी ओढली तेव्हा लाल झालेला त्याचा चेहरा अर्ध्या वाटेतच हसरा झाला. तोच आलेखाचा उतार!

आलेखाच्या खालचे क्षेत्रफळ पाहा. त्रिकोणाच्या जागी आता टेकडी आहे, पठारासारखी रुंद. वरच्याच उदाहरणात कमाल जोर २० किलोग्रॅमच ठेवला आणि टेकडीने चौकटीचा पाऊण भाग व्यापला असे धरले, तर ५५ऐवजी ८२ ज्यूल साठतात. आखूड पाती फार थोडे हलतात, म्हणून आभासी वस्तुमानही कमी. ते ६ ग्रॅम धरले तर तोच बाण सेकंदाला ७३ मीटर वेगाने निघतो. माणसाच्या हाताचा कमाल जोर वाढलेला नाही, फक्त त्याचे वाटप बदलले.

जुळवणीकडे येते, कारण आमचे तीन रविवार तिथेच गेले. पहिली गोष्ट म्हणजे ओढीची लांबी. साध्या धनुष्यात ती माणूस ठरवतो. इथे ती चाकावरच्या अडसराने ठरते आणि माणसाच्या मापाला जुळवावी लागते. दोन्ही हात पसरून मोजलेल्या लांबीला अडीचने भागावे, हा ढोबळ हिशेब. १६५ सेंटिमीटरला ६६. आम्ही पेटीतले माप तसेच ठेवले होते आणि भाचा दोन दिवस मान मागे टाकून नेम धरत होता. मग दोन्ही चाकांची वेळ जुळवायची. ओढताना दोन्ही चाकांचे अडसर एकदमच टेकले पाहिजेत. एक आधी आणि एक नंतर टेकले तर दोरीचा मध्य वरखाली होतो आणि बाणाची शेपूट उडते. हे पाहायला दुसरा माणूस लागतो, तो मान मी मिळवला. केबलची लांबी बदलण्यासाठी धनुष्य दाबून धरणारे खास यंत्र लागते. ते घरी करायचे काम नाही आणि आम्ही केलेही नाही, जाणकाराकडे नेले.

बाण दोरीला जिथे अडकवतात ती जागा ठरवण्याची युक्ती मला सर्वांत आवडली. चौकटीत कागद ताणून बसवायचा आणि दोनेक मीटरवरून त्यातून बाण मारायचा. बाण सरळ गेला तर मध्ये एक भोक आणि भोवती पिसांच्या तीन चिरा. कागद वरच्या बाजूला फाटत गेला तर शेपूट उंच होती, म्हणजे बाणाची जागा थोडी खाली घ्या. सेकंदाच्या शंभराव्या भागात घडलेल्या गोष्टीचा पुरावा एक जुने वर्तमानपत्र देते. हिकमनला त्यासाठी महागडा कॅमेरा लागला होता.

एवढे करून आठवडाभराने सगळे पुन्हा बिघडले. नवी दोरी सरकली होती. आजच्या दोऱ्या पॉलिथिलिनच्या अतिबळकट तंतूंच्या असतात. त्या तुटता तुटत नाहीत, पण सततच्या ताणाखाली हळूहळू लांबतात. दोरी लांबली की चाकांची वेळ बदलते. म्हणून नव्या धनुष्यावरून आधी शे-दोनशे बाण मारून घ्यावेत आणि मग पुन्हा जुळवावे, हे शहाणपण माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होते.

इतक्या खटाटोपाची गरज काय, असे भाच्याच्या आईने विचारले. हिशेब करून दाखवला. स्पर्धेत कंपाउंड धनुष्याचे लक्ष्य ५० मीटरवर असते आणि दहा गुणांचे वर्तुळ ८ सेंटिमीटर व्यासाचे, म्हणजे मध्यापासून ४ सेंटिमीटर. सेकंदाला ८५ मीटर वेगाचा बाण हवेचा विरोध सोडून दिला तर ०.५८८ सेकंदात पोचतो आणि तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणाने १.७० मीटर खाली येतो. वेग ८४ असेल तर १.७४ मीटर. फरक ४ सेंटिमीटर! वेगात सेकंदाला एका मीटरची तूट, आणि मध्यावर जाणारा बाण दहाच्या कडेवर. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे, एवढी तूट यायला २७ किलोग्रॅमच्या धनुष्याचा जोर साधारण ६३० ग्रॅमने उतरला की पुरे.

शेतावर पोरांनी विचारले, "याने डुक्कर पडेल का?" भाच्याने माझ्याकडे पाहिले. आजोबाच म्हणाले, "पडेल. पण आत टाकतील."

इथे १९७२ सालाकडे पाहावे लागते. वन्यजीव संरक्षण कायद्याची तारीख ९ सप्टेंबर १९७२. त्याच आठवड्यात म्युनिकला ऑलिंपिकमध्ये तिरंदाजीच्या स्पर्धा चालू होत्या. १९२० नंतर प्रथमच हा खेळ ऑलिंपिकमध्ये परतला होता आणि त्यात भारताचा एकही तिरंदाज नव्हता. पुढच्याच महिन्यात अमेरिकेने धनुष्यबाणांवर ११ टक्के कर बसवणारा कायदा केला. तो पैसा वन्यजीवांच्या रक्षणाला आणि शिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाला जातो. एका देशाने धनुष्याची शिकार मान्य करून तिच्यावर कर घेतला, दुसऱ्याने शिकारच रोखायला सुरुवात केली. आपल्या मूळ कायद्यात परवाना घेऊन काही प्राण्यांची शिकार करता येत होती, १९९१च्या दुरुस्तीने तीही बंद झाली. निकोबारच्या अनुसूचित जमातींचे शिकारीचे हक्क कायद्यात राखून ठेवले आहेत, आमच्याकडच्या जमातींचे नाहीत. २००६च्या वनहक्क कायद्याने परंपरागत हक्क मान्य केले, पण शिकारीचा हक्क त्यातून स्पष्ट शब्दांत वगळला.

शिकारबंदी आवश्यकच होती, असे मला वाटते. मोटारीतून दिवे मारत बंदुका घेऊन येणाऱ्यांना आपली जंगले पुरली नसती. पण ठाण्याच्या जंगलात कोण आधी आले आणि कोणाला आधी बाहेर काढले, हा इतिहासही डोळ्यांआड करता येत नाही. १८७८च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलांच्या नियमांनी इथे इतका असंतोष माजला, की सरकारला १८८५ साली ठाणे-कुलाब्याच्या तक्रारी ऐकायला वन आयोग नेमावा लागला. काताचा धंदा करणारे म्हणून ज्यांना कातकरी नाव पडले, ते कोळशाच्या भट्ट्यांवर आणि पुढे वीटभट्ट्यांवर गेले. कामठा त्याआधीच चुलीवरून खाली उतरला होता.

त्या हातांतले कौशल्य खेळात आणण्याचा प्रयत्न झाला तो १९८०च्या दशकात. क्रीडा प्राधिकरणाने आदिवासी भागांत मुलांच्या चाचण्या घेतल्या. राजस्थानातल्या उदयपूर भागातला, बांबूच्या धनुष्याने पाखरे टिपणारा लिंबा राम असाच सापडला. १९८८ साली सोल येथे भारताने ऑलिंपिक तिरंदाजीत प्रथम भाग घेतला, त्या संघात तो होता. पण ती साध्या, चाके नसलेल्या आधुनिक धनुष्याची स्पर्धा. कंपाउंडला जागतिक स्पर्धेत १९९५ साली प्रवेश मिळाला, आणि ऑलिंपिकमध्ये २०२८ साली लॉस एंजेलिसला मिश्र सांघिक प्रकारात तो व्हायचा आहे.

महाराष्ट्राचा झेंडा याच प्रकारात लागला. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची १७ वर्षांची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघेही एकाच दिवशी वैयक्तिक विश्वविजेते झाले. ओजसने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण घेतले, म्हणजे पंधरा बाण आणि पंधराही त्या ८ सेंटिमीटरच्या वर्तुळात. बुलढाण्याचा प्रथमेश जावकर त्याच वर्षी हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या संघात होता. अदितीचे वडील शाळेत गणित शिकवतात, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला मला विशेष आनंद होतो. तिच्या सामग्रीसाठी त्यांना कर्ज काढावे लागले होते. अशा धनुष्याची किंमत लाखांत जाते, आणि मुरबाडच्या वाडीतल्या पोराला ते कोण देणार, हा प्रश्न उरतोच.

पुढच्या खेपेला आजोबांनी बोरूच्या काड्या तोडून, वाळवून ठेवल्या होत्या. भाच्याने त्यांना विनंती केली, की बाण करायचे असतील तर या कशा निवडाल ते दाखवा. त्यांनी बारा काड्या एकेक करून बोटांत दाबल्या आणि तीन ढीग केले : ताठ, मधल्या, नरम. आम्ही त्यांवर खुणेचे दोरे बांधून त्या डोंबिवलीला आणल्या. जेवणाच्या टेबलावर पुस्तकांचे दोन टेकू केले, ७१ सेंटिमीटर अंतर मोजले आणि वजन म्हणून पाण्याची बाटली ८८० ग्रॅमपर्यंत भरून घेतली. कोणती काडी कोणत्या ढिगातली, हे मोजणाऱ्याला कळू दिले नाही. अकरा काड्यांचा झुकाव आजोबांच्या ढिगांप्रमाणेच उतरला. बारावी त्यांनी नरम ठरवली होती आणि आमच्या मापात ती मधल्या ढिगात बसत होती.

भाचा खूश झाला, एक तरी चूक सापडली म्हणून. मग मला आठवले, की आजोबा प्रत्येक काडी दाबून, फिरवून पुन्हा दाबत होते. ती काडी टेकूंवर पाव फेरा फिरवून पुन्हा वजन टांगले. या वेळी ती नरम ढिगातल्या काड्यांइतकीच झुकली. बोरूचा छेद अगदी गोल नसतो आणि भिंतीची जाडीही सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे एका दिशेने ती ताठ आणि दुसऱ्या दिशेने नरम असू शकते. मग उरलेल्या अकराही काड्या आम्ही फिरवून मोजायला घेतल्या, आणि रात्रीचे जेवण जमिनीवर पाने मांडून झाले.